शाळेच्या भिंतीवर देवाचा फोटो चालतो का? आणि प्रार्थनेला हात जोडलेच पाहिजेत का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या परिपाठात कोण कोण उभं असतं ते आठवून बघा. 'जय सेवा' म्हणणाऱ्या घरातला गोंड मुलगा. तांड्यावरून आलेली बंजारा मुलगी, जिच्या घरी सेवालाल महाराजांचा फोटो आहे. पोडावरून आलेलं कोलाम पोरगं, जे घरी कोलामी बोलतं. 'जय भीम'वाल्या घरातली मुलं, आणि पुसद-दिग्रस-उमरखेडकडे गेलात तर मुस्लीम घरातलीही. राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका वाचली जाते. आणि मग सगळ्यांना एकच सूचना मिळते : हात जोडा, डोळे मिटा.

ही सूचना देण्याचा अधिकार शाळेला आहे का? समोरच्या भिंतीवर सरस्वतीचा फोटो असेल, तर तो संविधानात बसतो का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण दरवर्षी दसऱ्याच्या आसपास सोशल मीडियावर जो वाद पेटतो, त्यात ते एकत्र कालवले जातात. एक बाजू म्हणते, देश धर्मनिरपेक्ष आहे, फोटो उतरवा. दुसरी म्हणते, ही आमची संस्कृती आहे, उतरवून दाखवा. दोन्हीकडचे फॉरवर्ड वाचले तर एक गोष्ट लक्षात येते : संविधानाचं कलम २८ नेमकं काय म्हणतं, ते कुणीच सांगत नाही. त्या कलमात फोटोबद्दल एक शब्द नाही. पूजेला आणि प्रार्थनेला उभं राहण्याच्या सक्तीबद्दल मात्र बरंच काही आहे.

सरकारनंच फोटो काढायला सांगितलं होतं

जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या ग्रामविकास विभागाने एक परिपत्रक काढलं. सरकारी कार्यालयांत आणि शाळांत देवदेवतांचे फोटो लावू नयेत, धार्मिक विधी करू नयेत, असा त्याचा आशय होता. राज्यात तेव्हा भाजप-शिवसेनेचं सरकार होतं, देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री होते आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या. सत्तेतल्याच शिवसेनेने विरोध केला आणि परिपत्रक मागे घेतलं गेलं.

त्यानंतर सप्टेंबर २०२२, नवरात्राचेच दिवस. छगन भुजबळांनी मुंबईतल्या एका कार्यक्रमात विचारलं की शाळेत सरस्वती आणि शारदेचे फोटो कशासाठी? ज्यांनी प्रत्यक्ष शिक्षणाची दारं उघडली त्या सावित्रीबाई, महात्मा फुले, शाहू महाराज, बाबासाहेब आंबेडकर, कर्मवीर भाऊराव पाटील यांचे फोटो लावा. चार-पाच दिवस टीव्हीवर रण माजलं, मग सगळे पुढच्या विषयाकडे गेले.

दोन्ही वेळा राजकारण जोरात झालं आणि कायद्याचा प्रश्न होता तिथेच राहिला. परिपत्रक मागे घेतलं म्हणजे शाळेत पूजा करायला नवी परवानगी मिळाली असं होत नाही, कारण परिपत्रक येण्याआधीही संविधान होतं आणि ते गेल्यानंतरही आहे.

तुमची शाळा नेमकी कोणाची?

कलम २८ समजून घ्यायचं तर आधी शाळेचा पैसा कुठून येतो ते बघावं लागतं.

पहिलं उपकलम सांगतं की जी शिक्षणसंस्था पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देता येणार नाही. इथे पालकांनी मागणी केली, ग्रामसभेने ठराव केला, गावातली सगळी घरं एकाच धर्माची आहेत, यातलं काहीही चालत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा, नगर परिषदेच्या शाळा, पांढरकवडा किंवा पुसद प्रकल्पाखालच्या शासकीय आश्रमशाळा, नवोदय विद्यालय हे सगळं यात येतं. जिल्हा परिषदेची उर्दू शाळाही यातच येते. मराठी शाळेला जे लागू, ते उर्दू शाळेलाही लागू.

दुसरं उपकलम एक अपवाद सांगतं : एखाद्या धर्मादाय निधीतून किंवा ट्रस्टमधून उभी राहिलेली, ज्या ट्रस्टची अटच धार्मिक शिक्षणाची आहे, पण कारभार सरकार बघतं अशी संस्था. असली उदाहरणं विरळ आहेत.

तिसरं उपकलम जास्त लोकांच्या कामाचं. शाळा सरकारमान्य असेल किंवा सरकारी अनुदान घेत असेल, तर तिथल्या कोणालाही धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. त्या व्यक्तीने संमती दिली असेल तरच ते चालतं. विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. जिल्ह्यातली खाजगी संस्थांची बहुतेक हायस्कुलं, जिथे इमारत संस्थेची आणि शिक्षकांचा पगार सरकारी, ती इथे येतात. मिशनरी शाळा येतात, जैन संस्थेची शाळा येते, मान्यता घेतलेली विनाअनुदानित इंग्लिश मीडियमही येते.

आता शब्द नीट वाचा. पहिल्या उपकलमात फक्त 'धार्मिक शिक्षण' आहे. 'उपासना' हा शब्द तिसऱ्यात येतो. म्हणजे जिल्हा परिषद शाळेत गीतेचा किंवा कुराणाचा धर्म म्हणून तास घ्यायला सरळ बंदी, पण सकाळच्या प्रार्थनेचं आणि दसऱ्याच्या पाटीपूजनाचं काय, यावर पहिलं उपकलम गप्प आहे. शाळांमध्ये वर्षानुवर्षं जे चालत आलंय, ते या फटीतून चालत आलंय.

आणखी एक बारकावा, जो जवळपास कुणालाच माहीत नसतो. तिसऱ्या उपकलमात 'हरकत घेतली तर सूट' असं लिहिलेलं नाही. संमती असेल तरच सहभाग, असं लिहिलंय. पालकाने येऊन भांडायचं आणि मग शाळेने मुलाला वगळायचं, हा आपल्याकडचा रिवाज झाला. कलमाने ओझं शाळेवर टाकलंय. शाळेत मुलाचं नाव घालताना रजिस्टरमध्ये धर्म आणि जात यांचे रकाने भरून घेतले जातात. उपासनेला तुमच्या मुलाला उभं करायचं का, हे मात्र विचारलं जात नाही.

बाबासाहेबांनी काय कारण दिलं होतं?

हे कलम आलं कुठून, हेही बघायला हवं, कारण 'धर्मनिरपेक्षता तर आणीबाणीत घुसडली' हा मेसेज तुमच्यापर्यंत नक्की आला असेल. उद्देशिकेत तो शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला हे खरं. (हिंदी प्रतीत 'पंथनिरपेक्ष', मराठी प्रतीत 'धर्मनिरपेक्ष', हा एक वेगळाच वाद आहे.) पण कलम २८ पहिल्या दिवसापासून, म्हणजे १९५० पासून आहे. तो शब्द काढून टाकण्याची मागणी करणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. समजा त्या मान्य झाल्या असत्या, तरी शाळेपुरता फरक शून्य पडला असता.

७ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. मसुद्यात तेव्हा ते कलम २२ होतं. डॉ. आंबेडकरांनी सरकारी शाळेत धार्मिक शिक्षण का नको, याची जी कारणं दिली ती अगदी व्यवहारी होती. कर सगळ्या धर्मांचे लोक भरतात, मग त्या पैशातून एका धर्माचं शिक्षण कसं देणार? सगळ्यांचं द्यायचं म्हटलं तर धर्म आणि पंथ इतके आहेत की शाळेला ते जमणार नाही. आणि आपापलाच मार्ग मोक्षाचा, बाकीचे चुकीचे, असं धर्म सांगत असतील तर ते भांडण वर्गात कशाला आणायचं?

अमेरिका-युरोपात 'चर्च आणि राज्य वेगळं' ही मागणी एका ताकदवान धर्मसंस्थेची सत्ता कमी करण्यासाठी उभी राहिली. इथे तशी एक संस्था नव्हतीच. इथे प्रश्न होता एकाच बाकावर चार धर्मांची मुलं बसण्याचा. म्हणून आपल्या संविधानात भिंत उभारलेली नाही. सरकार मंदिर समित्या चालवतं, यात्रांना निधी देतं, मदरशांना अनुदान देतं. शाळेपुरती मात्र एक रेघ ओढली : शिकवू नका, आणि सक्ती करू नका.

शिकवू नका म्हणजे काय, हे कोर्टांनी पुढे स्पष्ट केलं. १९७१ च्या डीएव्ही कॉलेज खटल्यात गुरू नानकांच्या जीवनकार्याचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात धर्मांबद्दल माहिती देणं आणि धर्म शिकवणं यात फरक केला. त्यामुळे मराठीच्या पुस्तकात तुकोबांचा अभंग आला, इतिहासात बुद्ध आले, म्हणून कलम २८ मोडत नाही. २०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय पाठ करून घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा वाद झाला तो याच रेघेवरून. पाठांतर हा भाषेचा अभ्यास की संस्कार? त्याच मसुद्यात मनुस्मृतीचा श्लोकही होता. त्यावरून जितेंद्र आव्हाडांनी महाडला आंदोलन केलं आणि मूळ प्रश्न त्या गदारोळात बाजूला पडला.

हात न जोडणारा शिक्षक

सक्तीबद्दल मात्र महाराष्ट्राकडे स्वतःचा निकाल आहे, आणि तो मोठ्या कोर्टाचा आहे.

नाशिकमध्ये सावित्रीबाई फुले यांच्या नावाची एक अनुदानित माध्यमिक शाळा. तिथले एक सहायक शिक्षक प्रार्थनेला सगळ्यांसोबत उभे राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. शाळेने याला बेशिस्त ठरवलं. त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणीची वेळ आली तेव्हा ती अडवून ठेवली गेली. शिक्षक मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला : प्रार्थनेच्या वेळी हात जोडायची सक्ती करणं हा मूलभूत हक्कांचा भंग आहे. ती बेशिस्त ठरत नाही. वेतनश्रेणी द्या.

या निकालाचं वजन समजून घ्या. तो शिक्षक काही घोषणा देत नव्हता, प्रार्थना थांबवत नव्हता, फोटो उतरवायची मागणी करत नव्हता. फक्त हात खाली होते. तेवढ्यासाठी पगारवाढीची लढाई कोर्टापर्यंत न्यावी लागली. पगारदार, पदवीधर, संघटनेचं बळ असलेल्या माणसाची ही गत, तर झरी जामणीच्या पोडावरच्या दुसरीतल्या पोराने काय करायचं?

मुलांबाबतही एक निकाल आहे, १९८६ चा, केरळचा. ख्रिस्ती धर्मातल्या 'यहोवाचे साक्षीदार' पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो ओळखला जातो. राष्ट्रगीत न गाता शांत उभं राहणं चालतं, तर प्रार्थनेला शांत उभं राहणं का चालू नये, हा साधा प्रश्न त्यातून निघतो.

इथे कुणी म्हणेल, आमच्या शाळेत तर साने गुरुजींची प्रार्थना असते, विदर्भात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना घराघरात म्हणतात, त्यात कुठला एक धर्म आहे? मुद्दा बरोबर आहे. तुकडोजी महाराजांच्या परंपरेने वऱ्हाडात जी सगळ्यांना सामावणारी भाषा रुजवली तिचं मोल मोठं आहे. पण प्रार्थना कितीही सर्वसमावेशक असली तरी सक्तीचा प्रश्न त्याने मिटत नाही. देवच न मानणाऱ्या घरातलं मूलही त्या रांगेत असतं.

केंद्रीय विद्यालयांमधल्या उपनिषदातल्या संस्कृत प्रार्थनेविरुद्ध मध्य प्रदेशातल्या एका वकिलांनी याचिका केली, तेव्हा सरकारचं म्हणणं हेच होतं की ही मूल्यं सार्वत्रिक आहेत. सॉलिसिटर जनरलनी तर सुप्रीम कोर्टाच्याच, महाभारतातून आलेल्या, बोधवाक्याकडे बोट दाखवलं. जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी हा प्रश्न घटनापीठाकडे पाठवला. जी फट वर सांगितली, ती बुजवायची तर या खटल्यातच बुजू शकते.

आता भिंत

फोटोचं काय? जगात यावर एकमत नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने केंटकी राज्यातल्या वर्गावर्गांत 'दहा आज्ञा' लावायचा कायदा रद्द केला. १९९५ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने बव्हेरियातल्या शाळांत क्रूस लावायच्या सक्तीला नकार दिला. उलट २०११ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने इटलीतल्या वर्गातले क्रूस राहू दिले. त्यांचं म्हणणं असं की भिंतीवरचा क्रूस नुसता टांगलेला असतो, तो मुलांना काही करायला सांगत नाही. फ्रान्स आणखी वेगळ्या दिशेला गेला आणि २००४ मध्ये मुलांच्या अंगावरच्या ठळक धार्मिक खुणांनाच सरकारी शाळांत बंदी घातली.

भारतात गंमत अशी झाली की भिंतीचा खटला कधी गाजलाच नाही. गाजली ती मुलींची डोकी. कर्नाटकातला हिजाबचा वाद : मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. मग चेंबूरच्या कॉलेजचा वाद : जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हिजाब-टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली आणि कॉलेजला विचारलं, टिळा आणि टिकली लावणाऱ्यांनाही अडवणार का?

हा क्रम उलटा आहे. मुलीचा हिजाब, मुलाचा टिळा, हातातलं कडं, गळ्यातला काळा दोरा हे त्या मुलाचं स्वतःचं आहे. त्याला कलम २५ चं संरक्षण मागता येतं. भिंत सरकारची आहे, आणि सरकारला धर्म पाळायचा मूलभूत हक्क नाही. धर्म आणि राज्य वेगळं ठेवायचं असेल तर सुरुवात मुलीच्या डोक्यापासून व्हायचं काहीच कारण नाही. तरी आपल्याकडे 'शाळेत धर्म आणू नका' हे वाक्य बहुतेक वेळा मुलांनाच ऐकवलं जातं, आणि तेही त्याच भिंतीसमोर.

नुसत्या टांगलेल्या फोटोबद्दल आपल्या कायद्यात स्पष्ट बंदी नाही, हे मान्य करावं लागतं. इटलीचा निकष लावला तर तो फोटो सुटेलही. पण त्याच निकषाने दसऱ्याचं पाटीपूजन बघा. एकाच्या आकड्यांची सरस्वती पाटीवर काढलेली, हळदकुंकू, उदबत्ती, नारळ, आणि मुलं रांगेने नमस्कार करतायत. आता फोटो नुसता टांगलेला राहिला नाही. आता तो मुलाला काहीतरी करायला सांगतोय, आणि ती उपासना आहे.

बऱ्याच जणांना इथे खरंच प्रश्न पडतो की एका नमस्काराने काय बिघडतं? यवतमाळपासून दीड-दोनशे किलोमीटरवर नागपूर आहे. तिथे १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या पहिल्या काही प्रतिज्ञा हिंदू देवतांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, अशाच आहेत. ज्या घरातल्या आजोबांनी ती शपथ घेतली, त्या घरातल्या नातीसाठी हा नमस्कार लहान नसतो. मुस्लीम घरातही मूर्तीपुढे हात जोडणं श्रद्धेत बसत नाही. आणि हे ओळखण्यासाठी सरस्वतीचा अनादर करायची गरज नाही. तिची पूजा करणाऱ्या घराला ती घरी, मंदिरात, मंडळात करायला कुणी अडवलेलं नाही.

अडचण अशी की लहान गावात नाही म्हणणं महागात पडतं. चाळीस पटाच्या शाळेत एकच मूल मागे बसलं तर ते सगळ्यांना दिसतं. मास्तरांना दिसतं, सरपंचाला दिसतं, संध्याकाळी पारावर विषय होतो. म्हणूनच संमतीचं ओझं शाळेवर असणं महत्त्वाचं आहे. कार्यक्रमच ऐच्छिक ठेवला, शाळेच्या वेळेबाहेर ठेवला, तर एकट्या मुलाला उठून दाखवावं लागत नाही.

पालकाला करता काय येतं?

पहिली पायरी शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला, आणि वंचित गटांतल्या पालकांना पटाच्या प्रमाणात जागा. कोणता कार्यक्रम शाळेच्या वेळेत घ्यायचा, ऐच्छिक ठेवायचा का, यावर तिथे बोलता येतं. तिथे ऐकलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. अर्जात कलम २८(३) चा उल्लेख पुरेसा आहे, आपला धर्म कोणता हे सांगत बसायची गरज नाही. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. हात न जोडल्याबद्दल मुलाला उभं केलं, हिणवलं, बाहेर काढलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लागू होतं. ते शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई करतं. अनुदानित संस्थेतल्या शिक्षकावर कारवाई झाली तर नाशिकचा निकाल हाताशी आहे.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. नव्या वर्षाच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या बैठकीत गणवेश, पोषण आहार, गळकं छप्पर यांवर बोलणं होतं. परिपाठ आणि दसरा हे विषय त्या बैठकीत मांडायला कुठल्याही परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही.